दवाखान्याची फरशी

ता. ११ जानेवारी

प्रिय वन्सं,

स. न. वि. वि. तुम्ही पाठवलेला सरकारी विम्याचा फॉर्म पोचला. सध्या तो आमच्या स्वयंपाकघरातल्या डुगडुगत्या टेबलाच्या पायाखाली आहे. तुमच्या दादांनी चार घड्या घालून स्वतः बसवला, आणि सरकारी विमा पहिल्यांदाच कुणाच्या तरी उपयोगी पडला, असं मला ऐकवलंसुद्धा.

पण थट्टा पुरे. यांचा उजवा गुडघा पार कामातून गेलाय. दाढी करायलासुद्धा खुर्ची लागते. दहा मिनिटं उभे राहिले की चेहरा पांढरा पडतो, आणि विचारलं तर म्हणतात, काही नाही, जरा मुंग्या आल्या. ज्या माणसाने पस्तीस वर्षं लोकांच्या घरात ओणवं होऊन फरश्या घातल्या, तो आता खाली पडलेली पेन्सिल काठीने ढकलत भिंतीपर्यंत नेतो, मग भिंत धरून उचलतो. मला बघवत नाही हो.

खाजगी कंपनीचा विमा यांनी किती ऐटीत काढला होता! कंपनीने आता कळवलंय की गुडघा आधीपासूनच दुखत होता, त्यामुळे काही मिळणार नाही. तरी यांचं पालुपद तेच. ज्याला हवा त्याने विकत घ्यावा, सरकारने कुणाच्या खिशात हात घालू नये. सरकार यंदा वर्षभर रोजंदारीवाल्या कारागिरांना विम्यात घेऊन बघतंय. पुढे चालू ठेवायचं का, यावर यांच्या कारागीर मंडळाला सप्टेंबरात मत द्यायचंय. यांचं मत आत्ताच तयार आहे, आणि गुडघा तसाच. तुम्ही त्याच विमा कचेरीत खिडकीवर बसता, तेव्हा तुम्हीच समजवा. माझा तर घसा बसला.

लोभ असू द्या, पण आणखी फॉर्म नकोत. टेबलाचा एकच पाय आखूड आहे.

तुमची,
वहिनी


ता. २० जानेवारी

ती. वहिनीस,

सा. न. वि. वि. दादाला सांग, त्याच्यासारखे रोज दहाजण माझ्या खिडकीशी येऊन सरकारचा उद्धार करतात. फरक एवढाच, की ते जाताना फॉर्म भरून देतात.

त्याचं सगळंच चूक आहे असं मी म्हणणार नाही. आमच्याकडे रांग मोठी. ऑपरेशनला तीन-तीन महिने थांबावं लागतं. एका कागदाच्या तीन प्रती आम्ही मागतो आणि त्यातली एक हरवतो. सरकारने हात घातला की काम सुधारतंच, असं मी वीस वर्षं त्या खुर्चीवर बसून तरी शपथेवर सांगू शकत नाही. पण जुनं दुखणं आहे म्हणून आम्ही कुणाला परत पाठवत नाही, वहिनी. धडधाकट माणूसही वर्गणी भरतो, म्हणून लंगडणाऱ्याचं निभतं. कंपनीला माणसं निवडता येतात, आम्हाला येत नाहीत. माझ्या मते सगळा वाद एवढ्याशाच गोष्टीचा आहे.

मात्र मला दुसरीच शंका येते. मागे आले होते तेव्हा मी तुमच्या गावच्या सरकारी दवाखान्याचं नाव काढलं, आणि दादा उठून बाहेर गेला. त्याला उठायला किती वेळ लागतो ते आपण दोघी जाणतो. तरी उठला! वाद घालायचा सोडून तो कधी उठतो का? काहीतरी आहे त्याच्या मनात. ते काढून घे, तुला बरोबर जमतं.

तब्येतीला जप, आणि माझ्यावरची माया कमी करू नकोस.

तुझी,
धाकटी


ता. ६ फेब्रुवारी

प्रिय वन्सं,

स. न. वि. वि. तुमचं नाक मोठं तिखट. सापडलं कारण, आणि ऐकाल तर कपाळावर हात माराल.

त्या दवाखान्याच्या लांब व्हरांड्याची फरशी बारा वर्षांपूर्वी यांनीच घातलेली आहे. कॉन्ट्रॅक्टरने सिमेंट वाचवलं, खालचा माल पातळ, तेव्हा बऱ्याच फरश्या पोकळ राहिल्या. आता यांचा हिशेब असा, की जिथली फरशी अशी, तिथले डॉक्टर कसे असतील? मी हसून हसून बेजार. हे रागावले. मग मीही रागावले आणि म्हटलं, चला, दाखवा मला तुमची पोकळ फरशी.

मंगळवारी गेलो. हे काठीने एकेक फरशी ठोकत निघाले, मी पाठोपाठ. बघते तो काय, जी जी फरशी पोकळ वाजायची, तिच्या कोपऱ्यावर आधीच खडूची फुली! एवढ्यात मोठ्या सिस्टर तरातरा आल्या. वाटलं, आता आमची वरात बाहेर. पण त्या म्हणाल्या की फुल्या त्यांच्याच आहेत. पेशंटची गाडी त्या फरश्यांवरून गेली की हिसका बसतो, म्हणून दर महिन्याला त्या स्वतः ठोकून बघतात, खुणा करतात आणि वरच्यांना पत्र लिहितात. सात वर्षं लिहितायत. यांनी त्यांच्या हातून सुटलेल्या दोन फरश्या दाखवल्या, तर बाईंनी तिथल्या तिथे खिशातून खडू काढला.

घराशी आल्यावर हे म्हणाले, ती बाई कामाची आहे. दुसऱ्या दिवशी टेबल पुन्हा डुगडुगायला लागलं. वाकून फॉर्म यांनीच काढला होता. भरून दिला, आणि ऑपरेशनची तारीख मे महिन्यातली मिळालीय. मला धीर द्या, कारण आता घाबरण्याची पाळी माझी.

आठवण ठेवा,
वहिनी


ता. १९ मे

चि. धाकटीस,

अ. आ. ऑपरेशन झालं. दुखतंय भरपूर, पण हे दुखणं नवं आहे, जुन्यासारखं कुजकं नाही. वहिनी बाकावर डुलक्या काढतेय, म्हणून तेवढ्यात लिहून घेतो.

तुला एक खरं सांगतो. डॉक्टरांवर अविश्वास वगैरे मी उगाच म्हणत होतो. मला लाज वाटत होती. माल पातळ आहे हे मला तेव्हाच दिसलं होतं, पण काम जाईल म्हणून मी गप्प बसलो. ज्यांना वाईट फरशी दिली, त्यांच्यापुढे चांगला गुडघा मागायला कुठल्या तोंडाने जाऊ? परवा मला गाडीवरून नेलं ते त्याच व्हरांड्यातून. ढकलणाऱ्याने एकेक फुली चुकवत नेलं, एकदाही हिसका बसू दिला नाही. मी वर बघत पडलो होतो आणि डोळ्यांतून पाणी येत होतं. त्याला वाटलं मी घाबरलोय.

सिस्टरना सगळं सांगून टाकलं. त्या म्हणाल्या, आधी पाय सरळ करा.

वर्गणीबद्दल माझं म्हणणं मी अजून सोडलेलं नाही, उगाच हुरळून जाऊ नकोस.

सुखी राहा,
दादा


ता. १४ सप्टेंबर

प्रिय वन्सं,

स. न. वि. वि. काल कारागीर मंडळाची सभा झाली. तुम्ही उत्सुक असाल म्हणून सकाळीच लिहायला बसले.

अध्यक्षांनी विम्याच्या विरोधातला ठराव वाचला. बहुतेकांना वाटलं, हे पाठिंबा देणार. हे उठले. आधी सरकारला झोडपलं, रांगेवरून आणि तीन प्रतींवरून, तुमच्या खिडकीलासुद्धा सोडलं नाही. मग अध्यक्षांकडे वळले आणि म्हणाले, तरीही विमा राहू द्या. सरकारी बांधकामांवर माल तपासायला आपल्यातला एक कारागीर असावा, असं काहीतरी मागितलं. शेवटी मतं घेतली आणि विम्याच्या बाजूने निकाल लागला, सहा मतांनी. यांच्याशी रंगारी आणि सुतार अजून बोलत नाहीत, बोलतील आठ दिवसांनी.

तुम्ही विचाराल, दादा नेमकं काय काय म्हणाला, शब्दन् शब्द कळव. वन्सं, मला विचारू नका. मागच्या रांगेतून मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते आणि यांच्या पायांकडे बघत होते. पाऊण तास झाला. खुर्ची मागे रिकामी होती, काठी आम्ही घरीच विसरून आलो होतो, आणि तुमचे दादा उभे राहून भांडत होते.

तुमची,
वहिनी