वाचून दाखवायचा कागद

बोथ,
शुक्रवार, ८ नोव्हेंबर २०२४

ती. आईस मैत्रीचा सप्रेम जयभीम. वि. वि.

नेहमीप्रमाणे दोन कागद पाठवते आहे. मोठ्या अक्षरातला बाबांना वाचून दाखवायचा, हा घडी घातलेला तुझा. फोनवर बोललं की एवढ्याशा घरात खाटेवर त्यांना सगळं ऐकू जातं, आणि शाळेचं काही कमीजास्त कानावर पडलं की त्यांचा श्वास चढतो. विभागातले भगवानराव सर शनिवारी मावल्याला घरी येताना पाकीट आणतात, सोमवारी तुझं घेऊन येतात. परवा म्हणाले, वीस वर्षं देवाजी सरांच्या हाताखाली वह्या वाहिल्या, आता त्यांच्या लेकीची पत्रं वाहून राह्यलो.

जेवते की नाही विचारलंस. जेवते. ज्वारीच्या पिठाचा डबा अर्धा संपला. भाकरी अजून थापताना फाटते, हे मात्र बाबांच्या कागदात लिहिलेलं नाही.

जूनमध्ये बाबांच्या जागी मला गणित विभागाची प्रमुख केलं तेव्हा धास्ती होती. विभागातल्या चौघांत मीच लहान, कोण ऐकणार? पण त्यांनी लावलेली घडी अशी पक्की आहे की मला फक्त ती मोडायची नाही. दर गुरुवारी शाळा सुटल्यावर वह्यांची अदलाबदल होते. माझ्या वर्गाच्या वह्या दुसरा तपासतो, आणि दहा मुलांची एकच चूक निघाली तर मुलांना कोणी बोलत नाही, मला उभं राहून सांगावं लागतं की फळ्यावर मी काय शिकवलं. भगवानराव सरांसारखा मुरलेला माणूस सहावीला शिकवतो, कारण दहावीचा निकाल सहावीत लागतो असं बाबांचं म्हणणं. फाटकाजवळच्या भिंतीवर दहावीच्या गणिताचे अकरा वर्षांचे अकरा शंभर टक्के निकाल रंगवलेले आहेत, त्यांच्याखालून रोज आत जाते.

आता तुला विचारायचं ते. महिनाअखेर दहावीच्या मुलांची यादी बोर्डाकडे जायची आहे. एकसष्ट मुलं आहेत. साठांची मला काळजी नाही. पूनम नावाची एक मुलगी आहे, नववीत आपल्याकडे आली. तिची सहावी-सातवी कापूस वेचण्यात गेली, अपूर्णांक दिसला की पेन खाली ठेवते. सहामाहीत ऐंशीपैकी नऊ. मी भगवानराव सरांना म्हटलं, हिचं काय करायचं? ते खाली पाहून म्हणाले की सर करत होते तसं करा, घरी जाऊन या, आणि जमलं तर आईला सोबत न्या. एवढं म्हणून वह्यांचा गठ्ठा उचलून वर्गात गेले.

आई, तुला सोबत न्यायचं म्हणजे काय?

बाबांना जप. तुझा हात पाठीवर आहेच, तो तसाच असू दे.

तुझी मैत्री


मावला,
रविवार, १० नोव्हेंबर २०२४

चि. मैत्रीस आईचा जयभीम व अनेक आशीर्वाद.

कागद पाठकोरा आहे. मागे तुझ्या बाबांचा जुना चाचणीचा पेपर आहे, तो सोडवत बसू नको. पीठ संपायच्या आधी कळव, आणि भाकरीले पाणी कोमट घे, किती वेळा सांगू.

बाबांची तब्येत आहे तशीच. उजवा हात उचलत नाही. अर्धांगवायूचा झटका आला त्या दिवसापासून जीभ एकाच शब्दावर अडकली आहे. पाणी पाहिजे तरी शंभर, कूस बदलायची तरी शंभर. भेटायला येणारे म्हणतात, बघा, सरांच्या मनात शाळाच आहे. मी मान हलवते. तुझा मोठ्या अक्षरातला कागद दोनदा वाचला. दुसऱ्यांदा डोळे मिटून ऐकला.

तू विचारलंस त्याचं उत्तर आधी एका कागदावर लिहिलं की मला काही ठाऊक नाही. सकाळी वंदनेला बसले, पंचशील म्हणता म्हणता चौथ्या शीलापाशी, खोटं न बोलण्याच्या, जीभ अडली. तो कागद चुलीत घातला. एक कागद वाया गेला.

दरवर्षी यादी जायच्या आधी बाबा एक-दोन मुलांची नावं काढत. मग रविवारी आमी दोघं त्या मुलाच्या घरी जात होतो. ते बापाशी बाहेर बाजेवर बसायचे, मी आत मायजवळ. मी सांगायची की लेकराच्या जिवाला घोर लावू नका, नापासाचा शिक्का बसला तर तो जन्माचा, त्यापेक्षा यंदा थांबू द्या, पुढच्या वर्षी बाहेरून बसू द्या. बाई सांगते म्हणल्यावर माय ऐकायची. एकदा एका मायनं माझे हात धरले आणि म्हणली, तुमी होत्या म्हणून समजलं. चहा घेऊन आमी परत यायचो. पुढच्या वर्षी त्यातलं कोणी बाहेरून बसलं की नाही, हे आमी कधी विचारलं नाही.

अकरा वर्षांत अशी एकोणीस लेकरं.

परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी मी बुद्धरूपासमोर मेणबत्ती लावून दहावीच्या सगळ्या मुलांची नावं मोठ्यानं वाचते, हे तू लहानपणापासून पाहिलंस. ती यादी बाबा देत होते. थांबवलेल्यांची नावं तिच्यात नसायची, म्हणून मी वाचली नाहीत. एवढं साधं होतं ते. मला तेव्हा खरंच वाटे की आमी त्यांच्यावर दयाच करून राह्यलो.

बाबांवर रागावू नको. रागवायचं तर आधी माझ्यावर.

माया आहे ती कमी करू नको.

तुझी आई, मनकर्णा


बोथ,
शुक्रवार, १५ नोव्हेंबर २०२४

ती. आईस मैत्रीचा जयभीम.

आज एकच कागद आहे. बाबांसाठी लिहायला बसले आणि जमलं नाही. त्यांना सांग, वह्या तपासायच्या आहेत.

त्या शंभरांच्या जोरावर मला ही खुर्ची मिळाली. मी विद्यापीठात असतानाही सगळीकडे सांगत होते की माझ्या बाबांच्या शाळेत गणितात कोणी नापास होत नाही.

भगवानराव सरांना विचारलं, तुम्ही वीस वर्षं सोबत होता, एकदा तरी बोललात का? ते म्हणाले की मूल थांबवलं त्या पहिल्या वर्षी बोललो होतो, मग निकाल लागला, सत्कार झाला, शाल माझ्याही खांद्यावर पडली.

पूनमच्या घरी मी एकटीच जाऊन आले. तिची आई शेतात होती, पूनम भांडी घासत होती. मला पाहिल्याबरोबर उभी राहिली आणि म्हणाली, मॅडम, मी यंदा बसत नाही, तुमी काऊन आल्या इतक्या दूर. तिला कोणी सांगितलं नव्हतं, आई. वर्गात कुजबुज असते, मुलांना सगळं ठाऊक असतं. तिनं घासलेला पेला धुऊन पाणी दिलं.

संस्थेच्या सचिवांनी आज बोलावलं होतं. म्हणाले की वर्ष पहिलं आहे, वडिलांचं नाव आहे, भिंतीवर बारावा आकडा यायला हवा. यादी तीसला जाईल. तिचं नाव घातलं आणि ती नापास झाली, तर बाबांना सांगावं लागेल. मनाला धक्का बसू देऊ नका असं डॉक्टरांनी बजावलं आहे ते तुला माहीत आहे. मला एकटीला हे ठरवता येत नाही. तू सांग.

मैत्री


मावला,
रविवार, २४ नोव्हेंबर २०२४

चि. मैत्रीस आईचा जयभीम व आशीर्वाद.

बाबांना सांगितलं की लेक कामात आहे. त्यांनी दाराकडं पाहिलं आणि शंभर म्हणले. या वेळी त्या शब्दाचा अर्थ मला लागला नाही.

गेल्या रविवारी उत्तर दिलं नाही, कारण नव्हतंच. काल आलं. आदिलाबादला बाबांच्या गोळ्या आणायला गेले होते. औषधाची पिशवी घेऊन ऑटोची वाट पाहत उभी होते, तर एक दणकट माणूस आला आणि रस्त्यातच पाया पडला. केसांत कापूस अडकलेला. मी ओळखलं नाही. म्हणला, बाई, मी लखन. एकोणिसातला पहिला. त्याच्या मायला मी चुलीजवळ बसून समजावलं होतं.

तो कापसाच्या बाजारात हमाली करतो. त्यानं माझी पिशवी घेतली, सरांची तब्येत विचारली, डोळे पुसले. म्हणला, सरांनी माही लाज राखली, नाही तर गावात नापास म्हणून मिरवलो असतो. मी विचारलं, बाहेरून बसला होता का? तो हसला. म्हणला, बाई, मले कुठी गणित येते? काट्यावरचा आकडाही मी दुसऱ्याले वाचाले लावतो. मग म्हणला, पोरगी पहिलीत आहे, तिलेही सांगून ठेवलं, आपल्या घराण्यात गणित नाही.

त्यानं मला ऑटोत बसवलं. ड्रायव्हरला बजावलं की सरांच्या घरच्या आहेत, सांभाळून ने.

मैत्री, त्यानं शिवी दिली असती तर मी ती घेऊन घरी आले असते आणि निजले असते. त्यानं आभार मानले, ते कुठं ठेवू?

पूनमचं नाव घाल.

बाबांचं मी पाहीन. कसं ते आज विचारू नको.

त्या एकोणीस जणांची नावं आठवायला बसले. सोळा आठवली. तीन काही केल्या आठवत नाहीत. घर आठवते, एकीच्या मायच्या हातावरचं गोंदण आठवते, लेकराचं नाव नाही.

सोबत कोमट पाण्याच्या भाकरीचं पीठ पाठवते. लोभ धरून राहा.

तुझी आई


बोथ,
शनिवार, १५ मार्च २०२५

ती. आईस मैत्रीचा सप्रेम जयभीम. वि. वि.

पुढच्या शुक्रवारी परीक्षा सुरू होते. बाबांच्या कागदात एकसष्ट मुलं बसली आहेत एवढंच लिहिलं आहे, ते खरं आहे.

नोव्हेंबरपासून पूनम रोज मधल्या सुट्टीत भगवानराव सरांजवळ बसते. त्यांनी तिला सहावीच्या पुस्तकापासून धरलं. पहिल्या दिवशी ती लाजेनं पुस्तकाला दुसरं कव्हर घालून आली. गुरुवारी आता चारही वर्गांच्या वह्यांसोबत पूनमची वही वेगळी ठेवतो, तिची चूक निघाली की चौघंही उभे राहतो. एकदा हे ती दारातून पाहत होती. दुसऱ्या दिवशी म्हणाली, मॅडम, मी चुकल्यावर तुमी काऊन उभ्या राहता? बसा खाली. असं म्हणून हसली. मी तिला हसताना प्रथमच पाहिलं.

आता अपूर्णांकाला घाबरत नाही. पण आई, चार महिन्यांत चार वर्षं भरून निघत नाहीत. मला खात्री नाही.

मुलांची यादी सोबत आहे. सत्तावन्नावं नाव तिचं. नीट वाच.

तुझी मैत्री


बोथ,
शुक्रवार, २ मे २०२५

ती. आईस मैत्रीचा जयभीम. वि. वि.

एकसष्टपैकी साठ. पूनम सगळ्या विषयांत पास आहे, गणितात तीन गुणांनी राहिली.

ती आणि तिची आई निकाल पाहायला आल्या होत्या. पूनमच म्हणाली की नऊवरून इथपर्यंत आली ना मॅडम, जूनच्या पुरवणी परीक्षेला तीनच लागतात. मग नळावर गेली आणि बराच वेळ तोंड धूत राहिली.

सचिवांनी रंगाऱ्याला परत पाठवलं. जूनपासून विभाग दुसऱ्याकडे जाईल, मला सातवी-आठवी. भगवानराव सर म्हणाले की हे सरांच्या वेळीच माझ्या वाट्याला यायला पाहिजे होतं, मी एकदा बोलून थांबलो. गुरुवार मात्र मी सोडणार नाही, वह्या घेऊन बसेन.

दोन कागद आहेत. बाबांच्या कागदात मी शंभर लिहिलं आहे. मोठं अक्षर वाकडं आलं आहे. डॉक्टरांचं आठवून लिहिलं. कोणता वाचायचा ते तू ठरव. मला विचारू नकोस.

पदरात घे.

मैत्री


मावला,
रविवार, ४ मे २०२५

चि. मैत्रीस आईचा जयभीम व पोटभर आशीर्वाद.

काल दुपारी पाकीट आलं. दोन्ही कागद वाचून खाटेच्या कडेला बसले. बाबा माझ्या हाताकडं पाहत होते. तुझा मोठ्या अक्षरातला कागद घडी घालून ठेवला आणि दुसरा उघडला. घडीच्या कागदाचा आवाज वेगळा येतो, त्यांनी तो ऐकला असावा. इतके महिने ऐकतच होते असंही असेल.

मी पहिलं वाक्य वाचलं. एकसष्टपैकी साठ.

शंभर, असं ते म्हणले नाहीत. ओठ हलत राहिले, लाळ आली, मी पदरानं पुसली. श्वास चढला तशी मी घाबरले, कागद खाली ठेवला. त्यांनी डाव्या हातानं माझं मनगट धरलं, सोडेनात. मग झटका आल्यापासून पहिल्यांदा दुसरा शब्द आला. अर्धवट आला, पण मला कळला.

"कोन?"

मी सांगितलं, पूनम. तीन गुणांनी. नववीत आली, कापूस वेचत होती. त्यांनी मनगट सोडलं नाही. तेव्हा मला थांबवेना. मी म्हणलं, लखन. मग पुढचं नाव, मग त्याच्या पुढचं. वंदनेला यादी वाचते तशीच वाचत गेले, फक्त हातात यादी नव्हती. प्रत्येक नावाला ते पापणी मिटून उघडत होते. सोळा झाली आणि माझी संपली.

त्यांनी माझं मनगट सोडलं आणि डावा हात वर केला. तीन बोटं.

मैत्री, ते मोजत होते. आजचं नाही म्हणत मी. ते अकरा वर्षं मोजत होते.

मी नावं विचारली. ते तोंड उघडत राहिले. शंभर, शंभर. डोळ्यांतून पाणी कानात उतरत होतं. एवढा मोठा माणूस तीन नावांसाठी असा झुंजत होता आणि मला पुढं एक अक्षर सुचवता येईना. शेवटी थकून झोपले.

आज श्वास बरा आहे. भिऊ नको.

आता दोन कामं. भगवानराव सरांना सांग, सोमवारी कपाटातले जुने सहामाहीचे गुणतक्ते काढा, अकराही वर्षांचे. त्यांत सहामाहीला जी नावं आहेत आणि बोर्डाच्या निकालात नाहीत, ती काढा. मला माझी तीन पाहिजेत. येत्या बुद्धपौर्णिमेला मेणबत्ती लावून वाचायची आहेत, त्यांच्यासमोर.

दुसरं, पूनमच्या मायला विचारून तिला जूनपर्यंत इकडं पाठव. घर लहान आहे, ती माझ्याजवळ खाली निजेल. बाबांना बोलता येत नाही, पण चूक झाली की कळते त्यांना. पाटी मी खाटेजवळ धरीन.

वाचून दाखवायचा वेगळा कागद आता लिहीत जाऊ नको. एकच लिही. कागदही वाचेल.

तुझ्यावरचा जीव आहे तिथंच आहे.

तुझी आई, मनकर्णा