यादीतलं नाव

मेहकर, ८ जानेवारी २०२४

ती. ताईस सुमंतचा सा. न. वि. वि.

इकडे सारे ठीक. मोठी बातमी अशी की आमच्या आघाडीच्या बैठकीत लोकसभेसाठी तुझंच नाव पुढे आलं. पंधरा हिवाळे तू इथे येऊन फुकट दवाखाना चालवतेस, शिवाय तुझ्याकडे ओसीआय कार्ड आहे, म्हणजे नागरिकत्व दोन्हीकडचं! मार्चअखेर अर्ज भरायला ये. भावजींना मी पटवतो. होकार लवकर कळव.

तुझाच,
सुमंत

श्रूजबरी (अमेरिका), १४ जानेवारी

चि. सुमंत यास अनेक आशीर्वाद.

पत्राचा फोटो मिळाला. बर्फ उपसून आत आले आणि आधी तुझं अज्ञान वाचलं. ओसीआय म्हणजे नागरिकत्व नव्हे, तो जन्मभराचा व्हिसा आहे. १९८९ साली इथल्या कोर्टात हात वर करून मी शपथ घेतली, त्याच दिवशी माझं भारताचं नागरिकत्व संपलं. मला तिथे मतसुद्धा देता येत नाही. नागरिकशास्त्रात तू पास कसा झालास?

तुझा भावजी चारुदत्त म्हणतो, खासदारीणबाईंना चहा कोण करून देणार, ते आधी ठरवा.

प्रकृतीस जप.
ताई

मेहकर, २५ जानेवारी

ती. ताईस सा. न.

रागावू नकोस, पण मतदार यादीत तुझं नाव आहे! अनुक्रमांक ६११, पत्ता आपल्याच घराचा. यादी तपासायला मास्तर आले की आई सांगायची, ती येणार आहे, राहू द्या. आई गेली, तिचं नाव कमी झालं. पुढे मीही तेच सांगत आलो. यादीत नाव म्हणजे नागरिक, असं मी आघाडीला सांगून टाकलंय. रविवारपर्यंत उत्तर हवं.

सुमंत

श्रूजबरी, २७ जानेवारी

चि. सुमंत यास आशीर्वाद.

उत्तर नाही असं आहे. यादीतलं नाव चुकीचं आहे, आणि त्याच्या जोरावर अर्ज भरणं म्हणजे सहीनिशी खोटं बोलणं. आईने मायेने सांगितलं असेल, पण तू शिकलेला माणूस आहेस. आघाडीला आजच खरं सांग.

वर्षभर तिथे राहून भारताच्या नागरिकत्वासाठी पुन्हा अर्ज करता येतो, इथलं मात्र सोडावं लागतं. तो नियम मी दोनदा वाचला, चारुदत्तला सांगितलं नाही. मी एकाहत्तर वर्षांची आहे, आणि नातवंडं इथे आहेत. तो विषय संपला.

सोबत नाव कमी करण्याचा फॉर्म आहे. ‘भारतीय नागरिक नाही’ या चौकटीत मीच खूण केली आहे. तो स्वतः नेऊन दे, पोच घे. उभं राहायचं तर तू राहा. प्रचार मात्र मी करणार नाही, परक्या नागरिकाला तोही चालत नाही. दवाखाना दहा फेब्रुवारीला उघडेन, खोली झाडून ठेव.

आणि फॉर्म देण्याआधी यादीच्या त्या पानाची एक प्रत काढून ठेव. मला हवी आहे.

लोभ आहे तसाच राहू दे.
ताई