मेलेली माणसं वजा करायची राहिली

३ मार्च
आज पुन्हा माझी माणसं शेतं सोडून पळाली. संगणकाच्या पडद्यावर ठिपके — एक ठिपका म्हणजे एक माणूस. पाऊस जरा कमी केला की निघालेच. मुलगी उत्खननात सापडलेले, जुन्या वस्त्यांतले जळके दाणे तपासते. भटकणारा माणूस शेतीपाशी का थांबला, हे तिला गणिताने मांडायचंय. गणित ती देते, संगणकात मी घालतो. जन्मभर शिवणयंत्र चालवलं, हे म्हातारपणी आपलं आपण शिकलो. ही असती तर म्हणाली असती, "बसल्या जागी मेंढरं हाकताय."

९ मार्च
मुलीला दूरच्या संस्थेने बोलावलंय. चांगली नोकरी. म्हणते, "तुम्हीही चला बाबा. आई गेल्यापासून जिना उतरला नाहीत." म्हटलं, आधी ही मंडळी एका जागी बसू देत, मग बघू. हिला जाऊन वर्षही झालं नाही. या घराला कुलूप कसं लावू?

१० मार्च
लिहावंसं वाटत नाही.

२१ मार्च
बसली एकदाची! नवा नियम घातला — जिथे आपली माणसं जास्त, तिथून पाय निघायचा नाही. दुष्काळ टाकला, तरी कोणी हललं नाही. मुलीला हाक मारली. बराच वेळ बघत राहिली. "छान जमलंय, बाबा," म्हणाली आणि चहा टाकायला गेली.

२ एप्रिल
गाव बसलंच नव्हतं. माणूस मेला की त्याचं खाणं मी बंद केलं होतं, पण गणतीतून त्याला वजा करायचं राहिलं. जिवंत माणसं मेलेल्यांना धरून बसली होती — उपाशीपोटी. एक ओळ दुरुस्त केली. पाऊस आटला तशी सगळी उठली, नदीकडे चालू लागली. बघत बसलो. मग उशाजवळची हिची औषधं उचलून टाकून दिली.

३ एप्रिल
मुलीला चूक सांगितली. म्हटलं, चल, मी येतो तुझ्याबरोबर. भांडी पुसता पुसता ती म्हणाली, "चूक मला तेव्हाच दिसली होती. पण किती महिन्यांनी हसला होतात." येण्याचं काढलं, तर "उद्या बोलू."

४ एप्रिल
नोकरीला तिने मागच्याच महिन्यात नकार कळवलाय. म्हणाली, "तुम्ही काही उठत नाही, असं वाटलं. मग मीही बसले."