निबियाबाईंची तीन झाडं

ला तेखा, मोंतेविदेओ
६ ऑक्टोबर २०१९

चि. दार्दो यास,
अ. उ. आशीर्वाद. तुला नको असले तरी पाकिटात घातले आहेत, परत पाठवू नकोस.

माझा आवाज ऐकला की तू फोन ठेवतोस, म्हणून पत्र. अक्षर बघून हसून घे. बोटं इतकी वाकडी झालीत की पेन मुठीत धरते. चौदा जानेवारीला उजव्या हाताचं ऑपरेशन आहे. जवळचं माणूस सही करायला आणि सोबत राहायला हवं असं डॉक्टर म्हणतो. जवळचं माणूस म्हणजे तू. दुसरं कोणी मी पैदा केलेलं नाही. तेव्हा यायचं, एवढंच सांगायचं आहे.

आता बसून वाच. तुझ्या आईने गांजा लावला आहे. ओढायला नाही, हातांना चोळायच्या तेलासाठी. पोस्टात रीतसर नावनोंदणी केली. खिडकीत माझीच विद्यार्थिनी रोसिना. बोटांचे ठसे घेताना, बाई तुम्ही, बाई तुम्ही, असं तीनदा म्हणाली. चौथ्यांदा म्हणालीस तर पाढे म्हणायला लावीन, असं मी सांगितल्यावर गप्प बसली. सरकार घरटी सहा झाडं लावू देतं. मी तीनच लावली, रंगाच्या रिकाम्या बादल्यांत, मागच्या अंगणात द्राक्षाच्या मांडवाबाहेर. आपोआप फुलणारी जात आहे. बिया शेजारच्या ओलेगारियोने भिंतीवरून दिल्या. बायकोच्या शेवटच्या दुखण्यात त्याने हीच लावली होती.

हो, तोच ओलेगारियो. कपाळावर आठ्या घालू नकोस.

लोभ असेल तेवढा पुरे, ऑपरेशनला मात्र पूर्ण यावंस.
तुझी आई, निबिया

*

वालिसास
१७ ऑक्टोबर २०१९

ती. आईस,
सा. न. (साष्टांग नाही, साधा.)

पत्र वाचून इतका हसलो की होडीला रंग देता देता डबा सांडला. मुख्याध्यापिका निबियाबाई आणि गांजा! माझ्या शर्टाला वास येतो म्हणून अंगणात शर्ट जाळणाऱ्या तुम्हीच ना? वीस वर्षांपूर्वी गच्चीवरच्या एका झाडापायी मी अकरा महिने आत काढले. तू दर रविवारी तळलेल्या मांसाचे तुकडे आणायचीस आणि माझ्या घशाखाली ते उतरेपर्यंत शिस्तीवर व्याख्यान द्यायचीस. आता तेच झाड बादलीत लावून सरकारी शिक्का मिरवते आहेस. धन्य आहे.

पण त्या चहाडखोराच्या बिया? पोलिस ठाण्यात कारकून होता तो. पोलिसांना कोणी कळवलं हे अख्ख्या गल्लीला माहीत आहे. सुटून आलो त्या दिवशी त्याच्या खिडकीवर दगड मारला होता, त्याचं मला अजून वाईट वाटत नाही.

तरी झाडांचा काय दोष, म्हणून सांगतो. बादलीतून हलवू नकोस. छाटू नकोस. ही जात दिवस-रात्र बघत नाही, वय बघते. सत्तर-पंच्याहत्तर दिवसांत सगळा कारभार आटोपते. तू काही बिघडवलंस तर सावरायला तिच्याजवळ वेळ नसतो. सांगून ठेवलं. ऐकणार नाहीसच.

ऑपरेशनचं बघू.

लोभ मागत नाही. तू तो मार्कांसारखा देतेस, कापून कापून.
दार्दो

*

ला तेखा
१६ नोव्हेंबर २०१९

चि. दार्दो यास,
आशीर्वाद, यावेळी पूर्ण मार्क.

मी एका झाडाचा शेंडा छाटला. आधीच सांगते, म्हणजे तुला शोधून काढल्याचा आनंद मिळायला नको. तीस वर्षं शाळेचं कुंपण मी छाटत आले. छाटलं की दाट होतं. हे मेलं दाट झालं नाही. वीतभर उंचीवर रुसून बसलं आणि तिथेच चार तुरे काढले. दुसरं पानकाप्या मुंग्यांनी रात्रीत बोडकं केलं. तिसरं मात्र कंबरेएवढं आलंय, पांढऱ्या केसांनी भरलंय. त्याचा वास रस्त्यापर्यंत जातो आणि रेने पाववाला आता रोज विनाकारण दार वाजवतो.

आणखी एक फजिती. या झाडाला लांब रात्र लागते असं कुठेतरी वाचून मी रोज सहाच्या ठोक्याला तिन्हींवर जुनी चादर टाकत होते. तीन आठवडे! ओलेगारियो शिडीवरून बघत होता. शेवटी न राहवून म्हणाला, बाई, ही तसली नव्हेत, यांना झोपवायची गरज नाही. मग इतका हसला की शिडी धरावी लागली. मीही हसले.

आता तो मुंग्यांवर लक्ष ठेवायला रोज येतो. स्वतःची खुर्ची आणतो, येर्बाच्या कडू चहाचा कोरलेला भोपळा आणतो, किटली आणतो आणि एकटाच पितो. एक भोपळा, एक नळी, आणि बसलेल्या सगळ्यांत फिरवायचा, ही आपली रीत. पण या गल्लीत वीस वर्षांत कोणी त्याच्या हातचा घेतला नाही, की आपला त्याला दिला नाही. त्यामुळे पुढे करायची सवयच मोडली आहे त्याची. परवा मी मागून घेतला. पाणी फार कढत होतं. तसं त्याला सांगितलंही.

तू कोणत्या तारखेला येतोस ते कळव. ‘बघू’ हे उत्तर मी चौथीच्या पोराकडूनही घेतलं नसतं.

लोभ वाढवायचा असेल तर तारखेपासून सुरुवात कर.
आई

*

वालिसास
२५ नोव्हेंबर २०१९

ती. आईस,
नमस्कार.

छाटू नकोस म्हटलं, तर छाटलंस. सुंभ जळला तरी पीळ जायचा नाही. विसाव्या वर्षी माझंही कॉलेज असंच छाटलं गेलं आणि मग तू बघत बसलीस की आता फुटवा का येत नाही. झाडावरून प्रवचन करतोय म्हणशील. म्हण.

पण येर्बाचं वाचून डोकं फिरलं. ज्याच्यापायी मला कैदी म्हणून ओळखतात, नीट नोकरी मिळाली नाही, ज्याच्यामुळे मी लोकांच्या होड्या खरवडतो, त्याच्या नळीला तू तोंड लावलंस? मग ऐक. तो माणूस त्या अंगणात पाऊल ठेवत असेल तर मी ठेवणार नाही. चौदा तारखेला सोबत त्यालाच ने. ठाण्यात होता, सही छान करत असेल.

एकच कोणीतरी निवड.

दार्दो

*

ला तेखा
१९ डिसेंबर २०१९

चि. दार्दो यास,
आशीर्वाद. हे पत्र वाचून झाल्यावर ते परत केलेस तरी चालतील.

तू निवड म्हणालास, मी निवडलं. त्याच संध्याकाळी ओलेगारियोला सांगितलं की उद्यापासून येऊ नका, मुलगा येणार आहे. त्याने कारण विचारलं नाही. पोरगा येतोय हे महत्त्वाचं, असं म्हणाला, खुर्ची मिटली आणि गेला. मी तिथेच उभी राहिले. वीस वर्षांत मला स्वतःची इतकी किळस कधी आली नव्हती.

पोलिसांना मी कळवलं होतं, दार्दो. ओलेगारियोने नव्हे. मी, शाळेच्या फोनवरून, मधल्या सुट्टीत. मला वाटलं, येतील, झाड उपटतील, तुला चांगला दम देतील आणि तू पुन्हा अभ्यासाला लागशील. मुलांना मी अशीच सरळ करत आले होते. अकरा महिने होतील हे मला माहीत नव्हतं. माहीत झालं तेव्हा गल्ली ओलेगारियोकडे बोट दाखवत होती आणि मी गप्प राहिले. दुसऱ्याच्या अंगावर चिखल उडाला की आपलं अंग किती स्वच्छ दिसतं! मुलांना खरं बोलायला शिकवल्याबद्दल मला निवृत्तीच्या दिवशी ढाल दिली होती. ती काल कचऱ्यात टाकली.

दुसऱ्या दिवशी मी त्याच्या दारात गेले आणि सगळं सांगितलं. तो म्हणाला की त्याला ठाऊक होतं. तू पकडला गेलास त्याच्या दुसऱ्याच दिवशी तक्रारीची नोंद त्याच्या टेबलावर आली होती, माझ्या नावासकट. दगड पडला तेव्हा ठाऊक होतं. त्याची बायको एलिदा गेली, तिच्या मयताला गल्लीतलं कोणी आलं नाही, तेव्हाही ठाऊक होतं. मीसुद्धा गेले नव्हते. मग बोलला का नाहीत, असं मी ओरडून विचारलं. तो म्हणाला, पोराला खरं कळलं असतं तर त्याने तुमचं तोंड पाहिलं नसतं. मग रविवारी जेवण कोण नेणार होतं, मी?

रविवारी सकाळी मी दारापुढे खुर्ची टाकली आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून हेच सांगितलं. पाववाल्याला दोनदा सांगावं लागलं. बरेच जण माझ्याशी बोलत नाहीत, ते योग्यच आहे.

झाड तयार आहे. मला कात्री धरवत नाही, आणि त्याला बोलवायला तोंड नाही.

ऑपरेशनला ये, असं आता म्हणत नाही. लोभ मागायचा माझा अधिकार संपला.
निबिया

*

वालिसास
२८ डिसेंबर २०१९

ती. ओलेगारियोकाका यांस,
साष्टांग नमस्कार. हा खरा साष्टांग.

तुम्हाला आयुष्यात पहिल्यांदा लिहितोय. खिडकीवरच्या दगडानंतर आपला पत्रव्यवहार नाही. त्या काचेबद्दल काय लिहावं हे दोन दिवस सुचलं नाही, म्हणून उशीर झाला. एलिदाकाकूंच्या मयताची बातमी मला इथे कळली होती. मी बरं झालं म्हणालो होतो. हे तुम्हाला माहीत असायला हवं. तुम्ही दोघांनी लपवलंत तेवढं पुरे झालं.

शनिवारी, चार तारखेला दुपारच्या बसने येतो. आधी तुमच्याकडे येईन. संध्याकाळी सगळी गल्ली खुर्च्या टाकून बाहेर बसते, त्या वेळी तुमच्या दारापुढे बसेन. किटली तुम्ही भरा. पहिला भोपळा मला द्या, आणि पाणी कितीही कढत असलं तरी मी कुरकुर करणार नाही. नंतर तुमच्या हातचा दारोदार मी नेईन. कोण नाही म्हणतं ते बघतो.

शेजारच्या बाईंना त्यांच्या पत्राचं उत्तर लिहिलेलं नाही. अजून जमत नाही. त्यांना एवढं सांगा की झाड कापून सावलीत उलटं टांगा, उन्हात वाळवलं तर सगळं फुकट. त्या उन्हातच टांगतील, म्हणून कृपा करून तुम्हीच टांगा. चौदा तारखेला इस्पितळात मी थांबेन. सही करेन, बोलेनच असं नाही.

आपण बसलेले दिसलो की त्या बाहेर येतील आणि फाटकाशी उभ्या राहतील. मी त्यांना ओळखतो. बोलवल्याशिवाय पुढे यायच्या नाहीत. त्यांना खुर्ची द्यायची की तसंच उभं ठेवायचं, ते तुम्ही ठरवा. मुलगा मी असलो तरी हे ठरवायचा हक्क तुमचा आहे.

माझ्यावर लोभ ठेवायचं तुम्हाला काहीच कारण नाही. तरी तुम्ही वीस वर्षं ठेवलात. तो यापुढेही असू द्या.

तुमचा,
दार्दो