टाकीची मधली पट्टी

नाना, तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली आणि मी अजून तुमच्यावर चिडलेलीच आहे. गेलेल्या माणसाशी भांडू नये असं आई म्हणते. तिचं ती बघेल.

गेल्या महिन्यात जळगावला एका दातांच्या डॉक्टरांकडे काम होतं. माशांची सहा फुटी काचेची टाकी, वरून मधोमध काचेचीच एक रुंद पट्टी, तुमच्या पद्धतीची. साफ करायला हात जात नाही, पट्टी काढा, पण पाणी सोडू नका, असं त्यांचं म्हणणं. मी म्हटलं, पाणी काढायचं नसेल तर मी निघते. मग ड्रम आले, बादल्या आल्या, मासे टबात गेले. पाणी दोन्ही काचांना बाहेर रेटतं आणि ती पट्टी त्यांना धरून असते, हे डॉक्टरांना समजावून सांगितलं. आधी वरच्या कडेला आतून लांब पट्ट्या चिकटवल्या, त्यांच्यावर दोन अरुंद आडव्या टाकल्या, सिलिकॉन सुकायला आठवडा दिला आणि मगच जुनी पट्टी कापली. डॉक्टर खूश झाले. "वडिलांकडून शिकलात वाटतं," म्हणाले. मी हो म्हटलं आणि धुळ्यापर्यंत बसमध्ये स्वतःवरच चरफडत आले. कारण हे तुम्ही शिकवलेलं नाही. हेच सगळं मी तुम्हाला सांगितलं होतं, तेव्हा मी एकवीस वर्षांची होते.

तो वकीलसाहेबांचा हॉल मला अजून दिसतो, आणि आपल्याच दुकानात बनलेली ती टाकी. मे महिना आहे, नळ आठ दिवसांनी येतोय, आणि वकीलबाईंना हात घालता यावा म्हणून पट्टी काढायची आहे. मी म्हणते, "नाना, आधी पाणी काढू, कडेच्या पट्ट्या लावू, मग ही कापा." तुम्ही माझ्याकडे न बघताच आपल्या अहिराणीत म्हणता, "बठ्ठं पानी फेकी देऊ का? लोकेसले पेवाले पानी नही, आनि हाई शिकाडस माले." वकीलसाहेब हसतात. तुम्ही शिडीवर चढून, भरल्या टाकीवर वाकून, पोलादी तारेनं सिलिकॉन कापून पट्टी काढता. टाकी जागची हलत नाही. आपण चहा पिऊन निघतो.

तिसऱ्या दिवशी सकाळी पुढची काच गेली. हॉलभर पाणी, सोफ्याखाली मासे, वकीलबाईंच्या पायाला सहा टाके. त्या पाण्यात उभं राहून तुम्ही चांगल्या शुद्ध मराठीत म्हणालात, "जोड पोरीनं भरला होता, साहेब." काच मधून फुटली होती, नाना. सिलिकॉनचा जोड चारही बाजूंनी जागच्या जागी होता, तुम्ही स्वतः त्यावरून बोट फिरवलं होतंत. तरी पुढची अकरा वर्षं, तुम्ही गेलात तोवर, दुकानात मला सिलिकॉनची बंदूक हातात घेऊ दिली नाहीत. बाजारात मी कच्च्या जोडाची पोरगी झाले, आणि तुम्ही एकदाही कुणाला खरं सांगितलं नाहीत. आजारपणात शेजारी मी होते, दुसरं कुणी नव्हतं. तेव्हा तरी सांगायचं होतंत. मी वाट बघत होते.

हे पत्र कुठे टाकायचं नाही हे मला कळतं. पण रागाच्या भरात एवढं लिहिलंय तर उरलेलंही लिहिते, कारण ते तुम्हाला कधीच कळलं नाही. काच फुटायच्या आदल्या संध्याकाळी मी एकटी त्यांच्याकडे गेले होते, आपली राहिलेली शिडी आणायला. कडेनं डोळा लावून पाहिलं, तर पुढच्या काचेला पोट आलं होतं, नुसत्या नजरेला दिसण्याइतकं. वकीलबाईंनी विचारलं, "सगळं ठीक आहे ना गं?" मी हो म्हटलं. तुमची चूक सगळ्यांना दिसावी, एवढंच तेव्हा मला हवं होतं.