कॉलचं शेपूट

३ मार्च, सोमवार

साहेबांनी आजपासून शेपूट चालू केलं!

शेपूट हा माझा शब्द. साहेबांचा शब्द लांबलचक होता, लिहायचा कंटाळा. झालंय असं – लोकांचे फ्रिज नि वॉशिंग मशीन बिघडले की ते आमच्या कंपनीला फोन करतात. वरच्या मजल्यावरची मुलं-मुली ते फोन घेतात, आणि खालच्या मजल्यावर मी हेडफोन लावून ते कॉल ऐकते नि मार्क देते. नमस्कार म्हटलं का, मध्येच तोडलं का, आवाज चढला का. इतकी वर्षं गिऱ्हाइकानं फोन ठेवला की माझंही ऐकणं संपायचं. आता नाही. आता पुढचा कॉल येईपर्यंत वरच्यांचा माइक चालूच राहणार, आणि ते सगळं माझ्याकडे येणार. तेच शेपूट.

'खरा माणूस तिथेच सापडतो,' साहेब म्हणाले. तोंडात सफरचंद होतं. नवे आहेत, तरुण आहेत, हुशार आहेत – पण दिवसभर कर्रकर्र खात असतात. एवढ्या आवाजात मी कशी ऐकते ते माझं मला माहीत!

माइक चालू असला की हेडफोनवरचा बारीक हिरवा दिवा चालू राहतो म्हणे. 'त्याकडे कोण बघतंय,' साहेब म्हणाले.

४ मार्च, मंगळवार

शेपूट भारी आहे. हसून हसून पोट दुखलं.

६ मार्च, गुरुवार

एका मुलानं आज एका गृहस्थांना पाऊण तास झेललं. मशीन चालत नाही, कंपनी चोर आहे, मी वर तक्रार करीन – आणि शेवटी काय, तर प्लगच लावला नव्हता! पोरगा इतका गोड, 'काही हरकत नाही सर, होतं असं.' फोन ठेवला, आणि शेपटात – 'प्लग! अहो प्लग लावा ना देवा!' मला चहाचा ठसका लागला.

एक जण गुणगुणतो. एक जण सारखा बिस्किटं खातो. एक मुलगी प्रत्येक कॉलनंतर 'झालं, झालं, झालं' म्हणते. आणि वर मला कानताई म्हणतात, हेही शेपटातूनच कळलं. 'कानताईनं दोन मार्क कापले मेलीनं.' मेलीनं! मला राग यायला हवा होता, आला नाही. नाव झकास आहे.

वरच्यांशी ओळख करायची आम्हाला बंदी. जेवणाची वेळ वेगळी, जिना वेगळा. ओळख झाली की मार्क ढिले पडतात म्हणे. तेव्हा मला सगळे आवाज पाठ, चेहरा एकाचाही माहीत नाही. त्यातली माझी लाडकी म्हणजे थोरली. वयानं सगळ्यांत मोठी म्हणून मी तिला थोरली म्हणते. आवाज जरा घोगरा. शेजारच्या पोरीवर शेपटात माया करत असते – 'अगं, बाटली दे गं', 'ऊठ गं, पाय मोकळे कर जरा.' आणि कॉलमध्ये तर काय सांगू! गिऱ्हाईक म्हणतं, खालून पाणी गळतंय. थोरली म्हणते, 'म्हणजे ताई, खालून पाणी गळतंय. बरोबर?' एक शब्द न गाळता उलट म्हणून दाखवते. गिऱ्हाइकाला वाटतं, वा, कोणीतरी नीट ऐकलं आपलं! मीच मागे लागून ते ट्रेनिंगमध्ये घालायला लावलं. आता वर नवा आलेला प्रत्येक जण थोरलीसारखा उलट म्हणतो.

जेवताना घरी प्लगची गोष्ट सांगितली. हे हसले नाहीत.

'त्यांना माहीत आहे का?'

'नोकरीच्या कागदावर सह्या आहेत की. कॉल रेकॉर्ड होतील, असं स्पष्ट लिहिलंय.'

'फोन ठेवल्यावर कसला आलाय कॉल?'

भूगोलाचे मास्तर! हद्द कुठे संपते ते ठरल्याशिवाय घास उतरत नाही. सासूबाई म्हणाल्या, 'कोणाची साल काढली?' 'साल नाही हो आई, कॉल!' त्यांचा डावा कान गेलाय, म्हणून मी नेहमी त्यांच्या उजव्या बाजूला बसते. पण हळूच गोडाचा डबा उघडला की तो मात्र कोणत्याही कानाला ऐकू येतो.

७ मार्च, शुक्रवार

साहेब म्हणाले, शेपटात काही वेगळं सापडलं की लगेच कळवा. वेगळं म्हणजे काय? 'ते तुम्हाला कळेलच.'

नवीन उशी घेतली. मान सुटली बाई एकदाची.

१० मार्च, सोमवार

ऐकायला नको होतं ते ऐकलं.

थोरलीचा कॉल होता. साधाच – फ्रिजमध्ये बर्फ साठतो. छान समजावलं तिनं, गिऱ्हाइकानं फोन ठेवला. शेपटात आधी काहीच नाही. मग हळू आवाजात, 'डावा कान पार गेलाय आता. उजव्यावर चाललंय सगळं. कोणाला सांगू नका हं.' आणि लगेच पुढचा कॉल – 'नमस्कार, काय मदत करू आपली?' आवाजात तोच गोडवा!

शेजारच्या पोरीला सांगितलं असणार. पोरगी काय म्हणाली ते आलं नाही, हळू बोलली असेल.

मी परत ऐकलं. मग आणखी एकदा. आणि डोक्यात प्रकाश पडला. ते उलट म्हणणं! ती शिष्टाचार म्हणून म्हणतच नव्हती. आपण ऐकलं ते बरोबर की चूक, याची खात्री करत होती बिचारी. आमच्या सासूबाई घरात दिवसभर हेच करतात – 'म्हणजे दूध संपलं म्हणतेस?' – आणि मला कळू नये? मला! कानताई कसली, बहिरीच मी.

आता काय करू? साहेबांना कळलं तर तिला फोनवरून उठवतील. ऐकू येत नाही तो माणूस फोनवर कशाला, असं सरळ म्हणतील. पाठवतील मागे गोदामात खोके मोजायला. आणि ती या कामात जीव ओतते, ते मला माहीत आहे. तिचे कॉल ऐकून माझेच वाईट दिवस बरे गेलेत.

'वेगळं काही?' या रकान्यात लिहिलं – नाही.

धडधडीत खोटं. पण लिहिताना हात जराही अडखळला नाही, खरं सांगते.

११ मार्च, मंगळवार

साहेबांनी बोलावलं. कॉम्प्युटरचा पडदा माझ्याकडे वळवला. 'तुम्ही या बाईंचं फोन ठेवल्यानंतरचं बोलणं काल तीनदा ऐकलंत. काय आहे त्यात?'

कोण कोणता कॉल किती वेळा ऐकतं, तेही यांच्याकडे दिसतं! मलाही शेपूट आहे तर!

'खोकला,' मी म्हटलं.

'खोकला तीनदा?'

'खरखर होती हो. कळेना, बाई खोकतेय की मशीन.'

ते हसले. पण सोडलं नाही. 'बरं, आज वेळ नाही मला. उद्या संध्याकाळी मीच ऐकतो.'

घरी येईपर्यंत नुसता संताप. मी काय ऐकते ते मागून बघतात, आणि मला एका शब्दानं सांगत नाहीत! मी काय चोर आहे? विचारलं असतं तर सांगितलं नसतं का? – असं भांडी घासताना जोरजोरात बडबडत होते, आणि मध्येच गप्प झाले. नळ तसाच वाहतोय. वरच्यांना तरी मी कुठे विचारलं होतं? पोट धरून हसत होते आठवडाभर.

हे स्वयंपाकघराच्या दारात उभे होते. नकाशा काढून दाखवला नाही, हेच उपकार.

उद्या बुधवार. कंपनीच्या वकीलबाई येतात.

१२ मार्च, बुधवार

वकीलबाई दर बुधवारी कंपनीचे करारमदार बघायला येतात. आजवर मान हलवण्यापलीकडे ओळख नाही. दुपारी त्या पाणी प्यायला आल्या, तिथेच गाठलं.

शेपटाची सगळी हकिकत सांगितली. त्या पेला हातात धरून ऐकत राहिल्या.

'वरच्यांना कळवलंय?'

'नाही.'

'हे कशासाठी ऐकायचं, ते कुठे लिहिलंय?'

'खरा माणूस सापडावा म्हणून – असं साहेब म्हणाले.'

त्यांनी चष्माच काढला. 'सही घेतली गिऱ्हाइकाच्या कॉलसाठी, आणि ऐकताय माणसाचं खाजगी बोलणं? ही सही चालणार नाही याला. उद्या कोणी तक्रार केली ना, तर कंपनीला पळता भुई थोडी होईल. आणि तक्रार राहू दे बाजूला. दाराला कान लावून उभं राहण्यात नि यात फरक काय?'

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हटलं, सांगूनच टाकावं. 'त्यात एका बाईचं असं आहे की –'

'थांबा!' हात वर केला त्यांनी. 'तुम्ही काय ऐकलं ते मला सांगू नका. मलाही तो हक्क नाही.'

आणि तडक साहेबांच्या खोलीत. काचेची खोली आहे, दार बंद. तोंडं हलताना दिसत होती, ऐकू काही नाही. माझ्या आयुष्यात पहिल्यांदा चित्र आहे नि आवाज नाही! वकीलबाई उभ्या, साहेब बसलेले. अर्ध्यावरच सफरचंद खाली ठेवलं त्यांनी. इतक्या दिवसांत पहिल्यांदा.

संध्याकाळी निघाले तेव्हाही ते तिथेच होतं, काळं पडलेलं.

१३ मार्च, गुरुवार

शेपूट कापलं! जुनी सगळी शेपटंही काल वकीलबाईंनी समोर उभं राहून पुसून घेतली. साहेबांना ऐकायची संधीच मिळाली नाही. आज त्यांनी वर जाऊन सगळ्यांना खरं काय ते सांगितलं, चुकलं म्हणाले. एवढं तरी केलं, बरं वाटलं.

आजचे कॉल मात्र ऐकवत नाहीत. सगळे कोर्टात उभं राहिल्यासारखे बोलतायत.

१४ मार्च, शुक्रवार

थोरलीला पैकीच्या पैकी. लाड म्हणून नाही, खरंच होते तेवढे.

१८ मार्च, मंगळवार

वकीलबाईंचं डोकं! म्हणाल्या, ज्यांचं ऐकता त्यांना तुमचं तोंड तरी दिसू दे. म्हणून आज वरचे-खालचे सगळे एका खोलीत. मजाच मजा. प्लगवाल्याचा आवाज केवढा भारदस्त, आणि पोरगा हा एवढासा, काडीपैलवान! मी 'नमस्कार, तुमचे कॉल मी ऐकते' म्हटलं आणि मागून कुजबुज – 'हीच, हीच कानताई.' लाजले बाई मी.

आणि थोरली. ठेंगणी, पांढरे केस कापलेले, डोळे मोठे हसरे. रांगेच्या टोकाला बसली होती. तिच्या डाव्या हाताला रिकामी खुर्ची. मी गेले, ती खुर्ची उचलली, वळसा घालून तिच्या उजवीकडे नेऊन ठेवली आणि बसले.

बसले आणि गार पडले. सासूबाईंच्या सवयीनं केलं हो! पण तिनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. खुर्ची होती तिथे पाहिलं. पुन्हा माझ्याकडे. तिला कळलं, मला माहीत आहे.

तेवढ्यात वकीलबाई बोलू लागल्या – कामासाठी कोणाला काही सोय हवी असेल तर मोकळेपणानं मागा, मागितली म्हणून कोणाला जागेवरून हलवणार नाही, असं साहेबांनी लिहून दिलंय. थोरलीनं हात वर केला. 'मला मोठ्या आवाजाचा हेडफोन द्या. डावा कान गेलाय माझा.'

साहेब म्हणाले, 'पण बाई – ट्रेनिंगमध्ये तर आम्ही तुमचाच कॉल ऐकवतो. ते उलट म्हणणं –'

'मग काय करणार? धड ऐकू कुठे येत होतं!'

अशी हसली ना खोली! साहेबही. हेडफोन येतोय, थोरली फोनवरच राहतेय. मला रडूच फुटलं, नाक शिंकरल्याचं नाटक केलं.

घरी सांगितलं तर सासूबाई म्हणाल्या, 'मलाही आणा तसला.' हे म्हणाले, 'आणू, पण मग सगळंच ऐकावं लागेल हं आई.' 'मग नको,' म्हणाल्या. झालं!

एकच राहिलं. तिची माफी मागायची. मी चोरून ऐकलं तिचं. उद्या मागतेच.

१९ मार्च, बुधवार

जिन्यात गाठलं थोरलीला. मी तोंड उघडणार, तर तीच म्हणाली, 'फोन ठेवला की दिवा विझतो. त्या आठवड्यात विझत नव्हता. कान गेलाय हो माझा, डोळे नाही गेले.' खांद्यावर थोपटलं आणि वर गेली.

मी तिथेच पायरीवर बसले. 'सांगू नका,' म्हणाली होती ती. नका! शेजारच्या पोरीला ती 'अगं' म्हणते.

माझ्याशी बोलत होती.