बाहेरून बत्तीस, आतून सव्वीस

३ फेब्रुवारी २०२५, केडगाव
आले एकदाची! देवळाली प्रवऱ्याहून सकाळची एसटी, डब्यात आईच्या शेंगदाण्याच्या पोळ्या आणि पर्समध्ये घरा-जमिनीची किंमत ठरवायचा परवाना. दोनदा नापास होऊन तिसऱ्या खेपेला मिळवलाय, कुणाच्या मेहेरबानीने नाही. आता बँका या आरतीची सही मागणार, हं!

वैजनाथ सरांचं ऑफिस चहाच्या दुकानावर आहे. खुर्ची डुगडुगते, पंखा कुरकुरतो, पण टेबल माझं एकटीचं. आधी इथे हर्षल नावाचा मुलगा बसायचा. त्याचा मोजायचा टेप अजून खणातच आहे. सर म्हणाले, पुण्याला गेला असेल, सांगूनसुद्धा गेला नाही.

निघताना दादांनी, माझ्या वडिलांनी, एकच गोष्ट सांगितली. ते तीस वर्षं शुगर फॅक्टरीच्या वजनकाट्यावर होते. म्हणाले, आकडा एकदा खोटा लिहिलास की पुढे हाताला सवय लागते. मी म्हटलं, दादा, पोळ्या गार होतायत, निघू द्या.

५ फेब्रुवारी
पहिलं काम! सुप्याला कारखान्यांच्या पलीकडे एक बैठं घर आहे. बांधून दहा-अकरा वर्षं झालीत, सध्या रिकामं. मच्छिंद्र नावाचा कामगार ते विकत घेतोय. बायको पूजा, दोन लेकरं, आणि आजवर भाड्याच्या एका खोलीत दिवस काढलेले. माझा रिपोर्ट गेला की त्यांचं कर्ज मंजूर. पूजाने माझ्या हातावर पेढा ठेवला आणि विचारलं की स्वयंपाकघराच्या मागच्या भिंतीला देवघर केलं तर चालेल का. मी म्हटलं, बाई, किंमत मी सांगेन, देवाचं तुमचं तुम्ही बघा. खूप हसली.

सर गाडीतून उतरलेच नाहीत. गुडघे दुखतात म्हणे. वर मला बजावलं की बाहेरून मोज, आतली मापं नकाशावरून उतरव. वा रे वा! नकाशे उतरवायला परवाना काढलाय का मी? आत गेलेच.

बाहेरून लांबी बत्तीस फूट. आतून, भिंतींची जाडी धरून, सव्वीस. पुन्हा मोजली, सव्वीसच. सहा फूट गेले कुठे? ऊन लागलं असेल मला.

७ फेब्रुवारी
आज एकटीच गेले. मोजायचं काम दोघांचं असतं. एकाने टेपचं टोक भिंतीला दाबून 'धरलं' म्हणायचं आणि दुसऱ्याने आकडा वाचायचा. शेजारच्या लंकाबाई अंगणात शेंगा फोडत होत्या, त्यांना हाक मारली. त्या उंबऱ्याच्या आत पाय टाकेनात. म्हणाल्या, ते घर मानूस मोजून घेतंया, आमी न्हाई जात, तूबी जाऊ नको पोरी. मी म्हटलं, आजी, मोजणारी मी आहे, घर नाही.

टोकावर वीट ठेवली आणि मागच्या भिंतीपासून मोजत दारापर्यंत आले. सव्वीस. टेप गुंडाळायला लागले तर येईना. बघते तर वीट बाजूला पडलेली, आणि टेप तसाच ताणलेला. मग भिंतीकडून आवाज आला. पुरुषाचा, अगदी साधा, कामातला आवाज. 'धरलं' म्हणाला.

मी पळाले. हो, पळाले. टेप तिथेच टाकून पळाले. सुप्याच्या स्टँडवर येऊन दोन ग्लास उसाचा रस प्यायले. लिहायला लाज वाटते, पण झालं ते झालं.

८ फेब्रुवारी
ऑफिसच्या जुन्या फायली काढल्या. तेच घर, दोन वर्षांपूर्वी, हर्षलच्या अक्षरात: बाहेरून बत्तीस, आतून एकोणतीस. त्याच्याही आधी सहादेव म्हणून कुणी मोजलेलं: बाहेरून बत्तीस, आतूनही बत्तीस.

सहादेवचं नाव काढताच सरांनी ऑफिसचं दार लोटून घेतलं. हर्षलसारखाच तोही मापं घेऊन आला, पण पुन्हा त्या घरी गेला तो परत आलाच नाही. दोघांनाही मीच पाठवलं, म्हणाले. पोलिसांनी घर उघडून पाहिलं, आत नुसती कोरी भिंत आणि हर्षलचा हा टेप.

माणसामागे तीन फूट. एक खाट मावेल एवढी जागा.

सर हात जोडून म्हणाले, नकाशावरून लिही, सही कर, विषय संपव. माझी तळपायाची आग मस्तकात गेली. विषय संपव? आणि पूजा त्या भिंतीला देवघर करणार, लेकरं तिथे झोपणार, त्याचं काय? मी सव्वीसच लिहिणार. सर म्हणाले, मापाचा फोटो जोडल्याशिवाय बँक ऐकायची नाही.

ठीक आहे. फोटो आणते.

१० फेब्रुवारी, सुपा, सकाळी साडेअकरा
हर्षलचा टेप आणलाय. दाराला मोठा दगड लावलाय. लंकाबाईंना बाहेर बसवलंय. बाहेरचा फोटो झाला, बत्तीस.
घाबरलेय. तरी जातेय.

पावणेबारा
माझा टेप भिंतीपाशी, नीट गुंडाळून ठेवलेला. मी नाही गुंडाळला.
फोटो घेतला. सव्वीस.
दार लागलं. दगड होता की —

बारा
दार हलत नाही. मोबाईलला रेंज नाही. दाराखाली बोटभर फट आहे, तेवढाच उजेड.
आता दोन आवाज. एक धरलं म्हणतो, मग दुसरा. हर्षल आहेस का विचारलं. दुसरा आवाज रडायला लागला.
भिंत पुढे —

सव्वाबारा
लंकाबाई दार बडवतायत, माणसं बोलावतायत. फटीत त्यांची बोटं दिसतात. हे पान त्यांना देणार.
भीती वाटते, आई. पण राग त्याहून जास्त येतोय. ऐकतंयस का रे घरा? तू मला मोज. मीही तुला मोजलंय.

रिपोर्ट.
बाहेरून बत्तीस फूट. आतून तेवीस. आत्ताच मोजलं, टोक त्यांनी धरलं.
घर रिकामं नाही. ताबा: सहादेव, हर्षल, आरती.
मच्छिंद्रभाऊ, हे घर घेऊ नका. पूजा, देवघर दुसरीकडे कर.
दादा, आकडा खरा आहे.
सही — आर